रांगेचा फायदा कुणाला?

एसटी स्टँडवरची ती पाटी आठवते ना? ‘रांगेचा फायदा सर्वांना.’ पाटीखाली रांग असायचीच असं नाही. गाडी लागली की खिडकीतून रुमाल, पिशव्या, कधी कधी तर अख्खं पोर आत जायचं आणि जागा धरली जायची. पण रांग म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रेशन, रॉकेल, गॅस सिलिंडर, टँकरचं पाणी, शाळेचा प्रवेश, सरकारी दवाखाना... आयुष्यातले किती तास आपण कुणाच्या तरी पाठीमागे उभ्या राहून काढलेत, याचा हिशेब मांडायला बसलं तर रात्र पुरायची नाही. एक मात्र खरं, त्या रांगेच्या टोकाला गरजेचं काहीतरी असायचं.

आता दुसरी एक रांग बघा. जानेवारीचा महिना, अमेरिकेतली कडाक्याची थंडी. दुकान उघडायला अजून पाच-सहा तास आहेत आणि दाराबाहेर घडीच्या खुर्च्या टाकून, ब्लँकेटं पांघरून माणसं बसली आहेत. बहुतेक सगळी मोठी, मिळवती माणसं. कुणी थर्मासमधून कॉफी आणलीय, कुणी मित्राला जागा राखायला सांगून गाडीत जाऊन डुलकी काढतंय. कशासाठी? तर चित्रं छापलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांसाठी! हो, आपल्या पत्त्यांएवढीच असतात ती. 17 जानेवारी 2025 रोजी ‘पोकेमॉन’चा ‘प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स’ हा नवा संच विक्रीला आला, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक दुकानांबाहेर असं दृश्य होतं. लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या घाऊक दुकानात तर खोक्यांवरून दोन पुरुषांत झटापट झाली आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली.

ऐकून हसू येतं. पण मैत्रिणींनो, थोडं थांबा. या रांगेत पैशांचा, मनाचा आणि शेवटी लहान मुलांचा एक हिशेब दडलेला आहे. आणि तो आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचलाय.

हे पोकेमॉन प्रकरण काय आहे?

ज्यांच्या घरात 2003 नंतर कार्टून नेटवर्क चालू असायचं, त्यांना पिवळाधमक पिकाचू वेगळा सांगायला नको. सातोशी ताजिरी या जपानी माणसाला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. किडे पकडायचे, मित्रांशी अदलाबदल करायची. त्यातूनच त्याला एका खेळाची कल्पना सुचली आणि 1996 मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’ हा व्हिडिओ गेम आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याची कार्डं आली आणि जानेवारी 1999 मध्ये ती अमेरिकेत पोचली.

कार्डांचा खेळ खेळता येतो, पण बरेच जण नुसती जमवतात. गंमत आहे ती पाकिटात. पाकीट बंद असतं. एका इंग्रजी पाकिटात साधारण दहा कार्डं, किंमत साडेचार-पाच डॉलर. आत काय निघेल ते बाहेरून कळत नाही. बहुतेक कार्डं साधी, एखादं चकचकीत, आणि नशीब फळफळलं तर हजारो मुलं ज्याच्यासाठी जीव टाकतात असं दुर्मिळ कार्ड. म्हणजे थोडक्यात काय, जत्रेतली सोडत! लागलं तर लागलं, नाही तर पुढचं पाकीट.

अमेरिकेतल्या आयांना हे तेव्हाच खटकलं होतं. 1999 मध्ये तिथल्या कितीतरी शाळांनी ही कार्डं वर्गात आणायला बंदी घातली, कारण मधल्या सुट्टीत अदलाबदलीवरून भांडणं, रडारड आणि चोऱ्या होऊ लागल्या होत्या. त्याच वर्षी काही पालक थेट कोर्टात गेले. हा मुलांना लावलेला जुगार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कोर्टात ते टिकलं नाही, पण आईच्या मनातली शंका काही कोर्टाच्या निकालानं जात नाही.

ताशी किती पडतात?

आता मूळ प्रश्न. माणूस अशा रांगेत किती वेळ उभा राहील? एक तास? पाच तास? रात्रभर?

‘ज्याची त्याची हौस’ असं म्हणून आपण मोकळ्या होऊ. पण योराम बार्झेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1974 मध्ये या विषयावर एक शोधनिबंध लिहिला होता. त्याचं सार आपल्या भाषेत असं, की एखादी वस्तू बाजारभावापेक्षा स्वस्त विकली, तर उरलेली किंमत लोक वेळेनं चुकती करतात. वस्तू स्वस्त मिळत नाही, फक्त पैशाऐवजी तास मोजावे लागतात.

उदाहरण घेऊ. समजा, दुकानात कार्डांचं खोकं 50 डॉलरला आहे आणि बाहेर तेच 100 डॉलरला हातोहात जातंय. माणशी दोनच खोकी मिळणार. म्हणजे रांगेत उभ्या राहणाऱ्याला 100 डॉलर सुटणार. पाच तास उभं राहिलं तर ताशी 20 डॉलर पडले. दहा तास उभं राहिलं तर ताशी 10. अमेरिकेत केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन 2009 पासून ताशी सव्वासात डॉलर आहे. म्हणजे दहा तास उभं राहूनसुद्धा एखाद्याला मजुरीपेक्षा बरे पैसे सुटतात! मग तो रात्रीच येऊन बसतो. त्याला बघून दुसरा संध्याकाळीच येतो. रांग कुठवर वाढते? तर जोवर उभं राहणं परवडतं तोवर.

म्हणजे रांगेत दोन जातीची माणसं असतात. एक हौशी आणि दुसरी व्यापारी. हौशी माणूस कार्डासाठी उभा असतो, व्यापारी फरकासाठी. ब्लॅकनं तिकिटं विकणारे आपण थेटराबाहेर पाहिलेत की! जपानमध्ये या फेरविक्रीला ‘तेनबाई’ म्हणतात आणि हा शब्द तिथे शिवीसारखा वापरला जातो.

दुसऱ्यासाठी रांगेत उभं राहणं हा तर धंदाच झालाय. न्यूयॉर्कमध्ये 2012 मध्ये नोकरी गेलेल्या एका माणसानं नव्या आयफोनच्या रांगेतली आपली जागा विकली आणि त्यातून ‘सेम ओल लाइन ड्यूड्स’ नावाची कंपनीच काढली. तासाचे पैसे द्या, आमचा माणूस तुमच्यासाठी उभा राहील!

हे वाचून मनात एक विचार येतोच. तिथे उभं राहण्याचे तासावर पैसे मिळतात. आणि आपल्याकडे? रॉकेलच्या रांगेत, नळावर, दवाखान्यात घरातल्या बाईनं घालवलेल्या वेळेची किंमत कुणी काढली? ‘तुला काय काम असतं दिवसभर’ असं म्हणून तिलाच पाठवलं जातं. बार्झेलच्या हिशेबानं पाहिलं तर रेशनचं धान्य घरात कधीच नुसत्या पैशांनी आलेलं नाही. त्यात कुणाच्या तरी दुपारी मिसळलेल्या आहेत.

मन कसं थांबतं?

नुसत्या पैशांनी सगळं उलगडत नाही. हौशी माणूसही रात्रभर बसतोच ना! डेव्हिड मेइस्टर यांनी 1985 मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. त्यातल्या गोष्टी वाचल्या की ‘अगदी खरं’ असंच म्हणावंसं वाटतं. हात रिकामे असले की वेळ लांबतो. किती थांबायचं ते ठाऊक नसलं की आणखी लांबतो. कुणी मधे घुसलं, अन्याय झाला, की मिनिटाचा तास होतो. एकट्यानं थांबणं जड, पण सोबत असेल तर हलकं. आणि पुढे मिळणारी वस्तू जितकी मोलाची वाटते, तितकं माणूस जास्त थांबतो.

कार्डांच्या रांगेत हे सगळं जमून येतं. आजूबाजूला आपल्यासारखेच वेडे असतात, गप्पा रंगतात, जुनी कार्डं दाखवली जातात, अदलाबदली होतात. म्हणजे आपल्या नळावरच्या गप्पाच की! बऱ्याच जणांना कार्डापेक्षा त्या रात्रीचीच मजा जास्त वाटत असणार.

पण रांग माणसाला फसवतेसुद्धा. लिऑन मान या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेलबर्नला फुटबॉलच्या अंतिम सामन्यांच्या तिकिटांसाठी लागणाऱ्या रांगा अभ्यासल्या. लोक तिथे रात्रभर मुक्काम ठोकायचे. खोकी, बिछाने ठेवून जागा राखायचे, पाळ्या लावायचे. आपल्या एसटीतल्या रुमालाचीच ही परदेशी बहीण! त्या अभ्यासात एक मजेदार गोष्ट दिसली. जिथून पुढे तिकिटं संपण्याचीच शक्यता जास्त, त्या शेपटाच्या लोकांना ‘तुमच्यापुढे किती जण आहेत?’ असं विचारलं, की ते खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगायचे. खोटं बोलायचं म्हणून नव्हे हो. मनाला तसंच दिसायचं! इतका वेळ उभे आहोत तर मिळेलच, अशी आशा माणसांची संख्यासुद्धा कमी करून दाखवते.

आणि एकदा का चार तास गेले, की निघणं अवघड. ‘आता एवढं थांबलोय तर...’ हे वाक्य बायकांना सांगायला नको. रांगेतच नाही, आयुष्यातही आपण कितीदा या वाक्यावर थांबून राहतो.

शेवटी रिकाम्या हातानं कोण?

9 ऑगस्ट 2025. जपानमध्ये मॅकडोनाल्डनं मुलांच्या जेवणासोबत पोकेमॉन कार्डं देण्याची योजना जाहीर केली होती, तीन दिवसांची. माणशी पाच जेवणांची मर्यादाही होती. पण पहिल्याच दिवशी मोठ्या माणसांनी खेपा मारून मारून जेवणं घेतली, कार्डं काढून घेतली आणि बर्गर, फ्रेंच फ्राइज तसेच टेबलांवर, रस्त्यावर टाकून दिले. अन्नाला हात जोडून जेवायला बसणारा तो देश! न खाल्लेल्या पिशव्यांच्या ढिगांचे फोटो पाहून लोक हळहळले. कार्डं पहिल्याच दिवशी संपली आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. ज्या मुलांसाठी हे जेवण होतं, त्यातली कितीतरी आईबापांचं बोट धरून आली आणि तशीच परत गेली.

त्याआधी, सप्टेंबर 2023 मध्ये, ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयानं मुलांना चित्रकलेची गोडी लागावी म्हणून पोकेमॉनचं प्रदर्शन भरवलं. व्हॅन गॉगसारखी करडी टोपी घातलेल्या पिकाचूचं कार्ड भेट मिळणार होतं. पहिल्याच दिवशी फेरविक्रीवाल्यांनी एवढी झुंबड उडवली, की पुढच्याच महिन्यात लोकांच्या सुरक्षेचं कारण देऊन संग्रहालयाला ते कार्ड देणं बंद करावं लागलं. मे 2021 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या टार्गेट या दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली, ज्याला मारलं त्यानं बचावासाठी बंदूक काढली. गोळी सुटली नाही, पण त्या साखळीनं काही काळ देशभरातल्या आपल्या दुकानांत अशी कार्डं विकणंच थांबवलं.

दुकानदार उपाय शोधतात. माणशी मर्यादा घालतात, चिठ्ठ्या टाकतात. जपानमधली काही दुकानं खोक्यावरचं प्लॅस्टिक फाडूनच खोकं हातात देतात. का, तर सीलबंद नसलं की फेरविक्रीला भाव येत नाही. ज्याला आतली कार्डं हवीत, त्याला प्लॅस्टिकशी काय करायचंय! साधी युक्ती, पण खऱ्या गिऱ्हाइकाला बरोबर वेगळं काढते.

तरीही दोष नुसता रांगेतल्यांचा नाही. या हिशेबात लहान मूल बसतच नाही. ते रात्री रांगेत थांबू शकत नाही, जास्त पैसेही देऊ शकत नाही. ज्याच्यासाठी खेळणं बनलं, त्याच्याकडे वेळही नाही आणि पैसाही नाही. मग शाळा सुटल्यावर ते आईला घेऊन दुकानात येतं, तेव्हा मांडणी रिकामी असते.

आईनं फेकली म्हणून...

‘पण ताई, ही कार्डं पुढे लाखोंना जातात म्हणे!’ असं कुणी म्हणेल. जातात, खोटं नाही. 1997-98 मध्ये जपानच्या एका मासिकानं मुलांच्या चित्रकला स्पर्धेत बक्षीस म्हणून दिलेलं पिकाचूचं एक कार्ड 2021 मध्ये लोगन पॉल या अमेरिकी यूट्यूबरनं 52 लाख 75 हजार डॉलरना घेतलं. पण ती कार्डं होती मोजून काही डझन.

आणि अमेरिकेतली बेसबॉलची कार्डं? मिकी मँटल या खेळाडूचं 1952 सालचं ‘टॉप्स’ कंपनीचं एक कार्ड ऑगस्ट 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना विकलं गेलं. ते एवढं दुर्मिळ का झालं, याचं कारण ऐकण्यासारखं आहे. न खपलेली कार्डं कंपनीनं 1960 मध्ये समुद्रात बुडवली, असं त्या कार्डांचे रचनाकार साय बर्गर सांगत. आणि जी मुलांकडे होती, त्यातली कित्येक त्यांच्या आयांनी साफसफाई करताना कचऱ्यात टाकली! ‘माझी कार्डं आईनं फेकली’ ही अमेरिकी पुरुषांची पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे. बघा म्हणजे, उरलेल्या कार्डांना जो भाव आला, तो त्या आयांच्या केरसुणीमुळे!

पुढे काय झालं? जुन्या कार्डांचे भाव बघून 1980 च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी खोकीच्या खोकी घेऊन जपून ठेवली. कंपन्यांनीही भरमसाट छापली. सगळ्यांनीच जपली म्हणून कुठलीच दुर्मिळ राहिली नाहीत. त्या काळातली बहुतेक कार्डं आज रद्दीच्या भावात जातात.

आता पोकेमॉनकडे या. मार्च 2025 पर्यंत पोकेमॉनची 7,500 कोटींहून जास्त कार्डं छापून झाली आहेत. जगातल्या प्रत्येक माणसाच्या, अगदी तान्ह्या बाळाच्याही वाट्याला नऊ कार्डं! आणि ती आता कुणीच फेकत नाही, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवतात. मग ‘मुलाच्या शिक्षणाला उपयोगी पडतील’ म्हणून ती घेऊन ठेवण्यात शहाणपण किती, ते तुम्हीच ठरवा. एफडीचं व्याज कमी असेल, पण ते मिळतं तरी.

आणि आपल्या दुकानात?

आपल्या गावांत अजून अशा रात्रभराच्या रांगा नाहीत. पण वेड काही नवं नाही. काड्यापेटीचे छाप, च्युइंगमसोबत येणारे क्रिकेटपटू, चिप्सच्या पाकिटातले टॅझो. आपण, आपले भाऊ, मग आपली मुलं या सगळ्यातून गेलेलेच आहेत. आता स्टेशनरीच्या दुकानात सोनेरी चकाकणारी प्लॅस्टिकची पोकेमॉन कार्डं मिळतात, शंभर-दीडशेला अख्खा गठ्ठा. ती अस्सल नसतात, एवढं आधीच सांगून टाका. खेळायला घ्यायला हरकत नाही, पण ‘दुर्मिळ’ म्हणून कुणी मुलाकडून जास्त पैसे काढत असेल तर सावध. अस्सल कार्ड पुठ्ठ्याचं असतं. कड नीट निरखली तर दोन थरांमध्ये बारीक काळसर रेघ दिसते.

मूल हट्ट करतंय, मग काय करायचं? सरसकट ‘नाही’ म्हटलं तर ते चोरून घेईल, आणि मागेल ते दिलं तर पाकिटाची चटक लागेल. त्यापेक्षा महिन्याची रक्कम ठरवून द्या आणि ती त्याला सांभाळू द्या. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला बार्झेलचा हिशेब सहज समजतो. ‘दहा पाकिटं घेतलीस तर इतके रुपये. तुला हवं ते एकच कार्ड मित्राकडून बदलून घेतलंस तर किती?’ पाटीवर मांडून दाखवा. बंद पाकिटात पैसे आशेला लागतात, उघड्या कार्डाला वस्तूचे. हा फरक ज्या मुलाला लहानपणी कळला, ते मोठेपणी मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांत आणि लॉटरीच्या दुकानात सहजासहजी अडकणार नाही. आणि अदलाबदल करू द्या. कुणाला फसवायचं नाही, फसायचंही नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही, हे कुठल्या पुस्तकापेक्षा त्या मधल्या सुट्टीतल्या सौद्यात जास्त चांगलं शिकता येतं.

आणि हो, घर आवरताना त्याचा तो कार्डांचा डबा दिसला, तर त्याला विचारल्याशिवाय फेकू नका. भाव येईल म्हणून नाही. तो डबा त्याचा आहे म्हणून.